टेंटऐवजी हॅमॉक: सह्याद्रीत कुठे जमतं, कुठे नाही

प्रश्न असा आहे: "आम्ही दोघे मित्र नोव्हेंबर ते फेब्रुवारीत सह्याद्रीत दोन-तीन दिवसांचे ट्रेक करतो. टेंट वाहून कंटाळा आला आहे. त्याऐवजी हॅमॉक घेतला तर वजन कमी होईल का? झोप नीट लागते का? थंडी, डास, पाऊस यांचं काय करायचं?"

आधी वजनाचं बोलू, कारण बहुतेक जण याच आशेने हॅमॉककडे वळतात. दुकानात मिळणारा हॅमॉक, म्हणजे दोन झाडांमध्ये टांगायची कापडी झोळी, मुठीत मावतो, अर्धा किलोसुद्धा भरत नाही. पण त्या अर्ध्या किलोत फक्त कापड असतं. झाडाला बांधायचे पट्टे पाव किलो, वरचा टार्प (छतासारखं ताणायचं, पाणी अडवणारं कापड) सहाशे-सातशे ग्रॅम, मच्छरदाणी पाव किलो, शिवाय दोऱ्या आणि खुंट्या. कॅरीमॅट टेंटमध्येही लागते म्हणून ती धरली नाही, तरी माणशी पावणेदोन किलोपर्यंत मजल जाते. दोघांचा साधा टेंट अडीच किलोच्या आसपास असतो आणि तो दोघांत वाटला जातो. म्हणजे तुम्ही दोघे कायम एकत्रच जाणार असाल, तर माणशी वजन टेंटचंच कमी पडेल. एकट्याने फिरणाऱ्याचा हिशेब वेगळा येतो, तिथे हॅमॉक बरोबरीत किंवा थोडा पुढे राहतो. निव्वळ वजनासाठी बदल करणार असाल तर माझा सल्ला आहे, करू नका.

हॅमॉक घ्यायचा तो वेगळ्या कारणासाठी. त्याने मुक्कामाची जागा बदलते. आपल्याकडे रात्रीचा मुक्काम म्हणजे माथा, असं डोक्यात पक्कं बसलेलं असतं. गडावर पोचायचं आणि बालेकिल्ल्याच्या आसपास किंवा कड्याजवळच्या पठारावर टेंट लावायचे. हॅमॉकला माथा चालत नाही. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा घ्या, कासचं किंवा साताऱ्याकडचं कुठलंही सड्याचं पठार घ्या, दोन भक्कम झाडं योग्य अंतरावर सापडणं मुश्कील. कारवी असते, खुरटी झुडपं असतात, पण माणसाचं वजन घेईल असं काही नसतं. हॅमॉकचं राज्य त्याच्या खाली आहे: पदरातलं, म्हणजे कड्याखालच्या टप्प्यावरचं रान, खिंडीच्या अलीकडची झाडी, ओढ्याच्या वरच्या अंगाचा उतार, गावाबाहेरची आमराई. जिथे टेंटसाठी सहा बाय सात फुटांची सपाट, दगड नसलेली जागा शोधून शोधून मिळत नाही, तिथे हॅमॉक दहा मिनिटांत लागतो. खाली दगड असोत, मुळं असोत, उतार असो, ओल असो, काही फरक पडत नाही. हिवाळ्यात पदरातलं रान माथ्यापेक्षा उबदारही असतं, कारण वारा अडतो. तुमच्या ट्रेकचा आराखडा असा बदलायची तयारी असेल, म्हणजे संध्याकाळी रानात थांबायचं आणि माथा पहाटे गाठायचा, तर हॅमॉकसारखं सुख नाही. गडावरच झोपायचं असेल तर टेंट ठेवा. आणि सह्याद्रीत तिसरा पर्याय नेहमीच असतो, तो विसरू नका. गुहा, देऊळ किंवा गावातल्या घराची ओसरी मिळत असेल, तर यातलं काहीच न उघडता कॅरीमॅटवर मस्त झोप होते.

आता रानात थांबायचं म्हटलं की परवानगी आलीच. हरिश्चंद्रगड-कळसूबाईचा भाग अभयारण्यात आहे, भीमाशंकर अभयारण्य आहे, कोयना आणि चांदोली मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. अशा ठिकाणी वनखात्याला न विचारता रात्री रानात राहता येत नाही. झाडाला टांगून झोपलात म्हणून नियम सुटत नाही. सोपा मार्ग म्हणजे पायथ्याच्या गावातल्या मालकी जमिनीवरची झाडी. मालकाला विचारलं की सहसा कोणी नाही म्हणत नाही, उलट कुठलं झाड चांगलं ते तोच दाखवतो. देवराईत मात्र गावाच्या परवानगीशिवाय दोर बांधू नये. शेंदूर लावलेल्या, नवस बांधलेल्या झाडाला तर नाहीच. गडावरच्या देवळाचे खांब, दरवाजाच्या कमानी, तटबंदीचे दगड यांना पट्टा गुंडाळण्याचा विचारही करू नका. ती वास्तू जपायची आहे म्हणून, आणि ती तुमच्या जिवावर उठेल म्हणूनही. माणूस आत झोपला की हॅमॉक दोन्ही टोकांना आडवा ओढतो. शतकांपूर्वी रचलेला दगड वरून येणारा भार पेलतो, हा आडवा ताण त्याच्यासाठी नवा असतो. परदेशात विटांच्या खांबाला हॅमॉक बांधल्यावर खांबच अंगावर कोसळून माणसं दगावली आहेत. फार्महाऊसच्या फाटकाचे खांब, व्हरांड्याचे खांब, सगळ्यांना हेच लागू आहे.

झाड निवडणं हा या प्रकारातला खरा अभ्यास. जिवंत, सरळ, निदान मांडीएवढ्या जाडीचा बुंधा हवा. वठलेलं झाड कितीही जाड असलं तरी सोडून द्या. मग मान वर करा. अडकलेली सुकी फांदी दिसते का? आग्या मोहोळ आहे का? मोठ्या सावरी, उंबर, कड्याच्या कपारी या मोहोळाच्या आवडत्या जागा. मोहोळ दिसलं तर जागा सोडून लांब जा, आणि चुलीचा धूर तिकडे जाईल असं तर काही करूच नका. काटेसावरीच्या बुंध्यावर काटे असतात, ते पट्टा कापतात. शेवगा, पांगारा यांचं लाकूड ठिसूळ. बिब्ब्याचं झाड ओळखता येत नसेल तर गावात कोणाकडून तरी ओळखून घ्या, त्याच्या चिकाने अंगावर फोड येतात. हिवाळ्यात झाडांवर चढलेल्या वेलींना तपकिरी, लवदार, वाकड्या शेंगा दिसल्या तर ती खाजकुयली. पट्टा ओढताना ती लव अंगावर पडली की रात्र गेलीच. आंबा किंवा काजू असेल तर पानं एकत्र शिवून केलेली तांबड्या मुंग्यांची घरटी पाहा. पट्टा म्हणजे त्यांना तयार रस्ताच. ऐन, हिरडा, जांभूळ, अंजनी, जुना आंबा ही भरवशाची मंडळी. कोकणात किनाऱ्यावर झोपायचं असेल तर सुरूचं बन उत्तम, खोड सरळ आणि अंतरं नेमकी असतात. काशीद, दिवेआगरकडे असे पट्टे आहेत. फक्त ग्रामपंचायतीला विचारून घ्या. माडाखाली मात्र कधीच नको. नारळ पडतो तसा सुका झापही पडतो, आणि त्याचं वजन काही कमी नसतं.

पट्टे पॉलिएस्टरचे, निदान एक इंच रुंद. नायलॉनचा पट्टा वजनाने ताणतो, दवाने भिजला की आणखी ताणतो, आणि मध्यरात्री पाठ जमिनीला टेकते. बारीक दोर थेट झाडाला बांधू नये, तो सालीत रुततो. सालीच्या आतल्या थरातून झाडाचं अन्न वाहतं, तो थर चेपला की झाडाला इजा होते. ज्याच्या आधाराने आपण झोपतो त्याला एवढी काळजी देणं लागतोच आपण. कॅराबिनर (पट्टा अडकवायची धातूची कडी) वापरणार असाल तर त्यावर किलोन्यूटनमध्ये आकडा कोरलेला हवा. एक किलोन्यूटन म्हणजे साधारण शंभर किलोचा भार. किल्ल्या अडकवायची शोभेची कडी चालणार नाही.

बांधण्याचं गणित एकदा समजलं की आयुष्यभर पुरतं. नवखा माणूस हॅमॉक ताठ ओढून बांधतो, त्याला वाटतं ताठ म्हणजे सपाट. होतं उलट. पट्टा जमिनीशी ३० अंशांचा कोन करत असेल, तर प्रत्येक बाजूच्या पट्ट्यावर येणारा ताण तुमच्या वजनाइतकाच असतो. ७५ किलोचा माणूस, ७५ किलो ताण. तोच कोन १० अंशांवर आणला की ताण २१५ किलोच्या वर जातो, ५ अंशांवर ४३० किलो. झाड, पट्टा, शिवण, गाठ, सगळ्यांवर हा भार पडतो. शिवाय ताठ कापडाच्या कडा खांद्यांना दोन्हीकडून आवळतात. म्हणून ढिला बांधा, पोट खाली येऊ द्या. कोन रोज मोजत बसायला नको म्हणून हॅमॉकच्या दोन टोकांमध्ये वरून एक पक्की, न ताणणारी दोरी कायमची लावून ठेवतात. तिची लांबी हॅमॉकच्या लांबीच्या ८३ टक्के ठेवायची. ११ फुटी हॅमॉकला ही दोरी ९ फुटांच्या किंचित वर येते. मग झाडं जवळ असोत की लांब, हॅमॉकचा खोलगटपणा रोज तोच राहतो. त्याच दोरीवर रात्री चष्मा आणि हेडलॅम्प अडकवता येतो.

झाडांमधलं अंतर १२ ते १६ फूट बरं. १३ फुटांवर पट्टा साधारण सव्वापाच फुटांवर बांधावा लागतो, १६ फुटांवर सहा फुटांच्याही वर. बसल्यावर बूड जमिनीपासून दीड फुटावर, म्हणजे खुर्चीच्या उंचीवर, असलं पाहिजे. त्याहून वर झोपण्यात काहीही मिळवण्यासारखं नाही. दरीच्या वर टांगलेल्या हॅमॉकचे फोटो बघून कोणी तसं करू नये. पट्टा सुटला तर फूट-दीड फुटावरून पडून कंबर दुखते, दरीवरून पडल्यावर परत येता येत नाही. उतारावर बांधताना दोन्ही झाडं एकाच पातळीवरची निवडा, म्हणजे हॅमॉक उताराला आडवा राहतो, आणि खालच्या अंगाला जमीन किती खोल आहे ते उजेडात पाहून ठेवा. रात्री लघवीला त्याच बाजूने उतरायची सवय अंगात असते.

झोपायचं तिरकं. डोकं मध्यरेषेच्या एका बाजूला, पाय दुसऱ्या बाजूला, साधारण एक-दीड वीत सरकवून. असं झोपलं की पाठ जवळजवळ सपाट होते आणि गुडघे उलटे ताणले जात नाहीत. सरळ मधोमध झोपलेला माणूस केळ्यासारखा वाकतो आणि सकाळी हॅमॉकला शिव्या देतो. तिरकं झोपायला लांबी लागते, म्हणून ८-९ फुटी स्वस्त हॅमॉक घेऊ नका, ११ फुटीच घ्या. दोन टोकांना लाकडी दांड्या असलेला जाळीचा हॅमॉक दुपारी बागेत पहुडायला ठीक, पण तो कूस बदलताना उलटतो. कुशीवर झोपणाऱ्यांना दोन-तीन रात्रींत सवय होते. पालथं झोपणाऱ्यांनी मात्र टेंटच ठेवावा, हॅमॉकमध्ये तसं झोपता येत नाही.

थंडीचं तुम्ही विचारलंत ते फार बरं केलंत. पहिल्यांदा हॅमॉकमध्ये झोपणारे ज्यामुळे रात्रभर जागे राहतात ती थंडी खालून येते. स्लीपिंग बॅग चांगली आहे, अंगात जाकीट आहे, आणि तरी पाठ गारठते. कारण साधं आहे. स्लीपिंग बॅगची ऊब तिच्या भरावात अडकलेल्या हवेमुळे असते. पाठीखाली तो भराव तुमच्या वजनाने चेपतो, हवा निघून जाते, आणि एका पातळ कापडापलीकडून वारा सतत उष्णता पळवत राहतो. टेंटमध्ये खालची जमीन निदान वारा तरी अडवते. डिसेंबर-जानेवारीत घाटमाथ्याला पारा दहाच्या खाली सहज जातो, महाबळेश्वरला वेण्णा तलावापाशी दवबिंदू गोठल्याच्या बातम्या येतात. अशा रात्री पाठीखाली काही नसेल तर झोप विसरा.

उपाय दोन. पहिला, कॅरीमॅट हॅमॉकमध्ये घालणं. ती सरकते, म्हणून दुपदरी हॅमॉक घेतला तर दोन पदरांच्या मध्ये बसवावी. नेहमीची मॅट खांद्यापाशी अरुंद पडते, कारण कापड दोन्ही बाजूंनी वर येऊन खांद्याला चिकटतं. जुन्या मॅटचा दीड-दोन फुटांचा तुकडा कापून खांद्याखाली आडवा टाकला की काम होतं. पुण्या-मुंबईच्या ट्रेकरला सुरुवातीला एवढं पुरे. दुसरा उपाय जास्त आरामाचा: हॅमॉकच्या बाहेर खालून टांगलेली रजई, म्हणजे अंडरक्विल्ट. ती चेपत नाही, म्हणून ऊब टिकते. बाजारात मिळाली नाही तर एक हलकी सिंथेटिक भरावाची रजई घेऊन शिंप्याकडून तिच्या लांब कडांना दोरी ओवण्यापुरती पोकळ शिवण घालून घ्या. त्यातून इलॅस्टिकची दोरी ओवून दोन टोकांना टांगायची. रजई पाठीला अलगद टेकली पाहिजे. मध्ये फट राहिली तर तिथून वारा फिरतो आणि रजई असून नसल्यासारखी होते, तर फार आवळली की भराव चेपतो. ही जुळवाजुळव घराजवळच्या दोन झाडांवर संध्याकाळी करून बघा, डोंगरात अंधारात नको. कापसाची गोधडी गाडीने जाऊन कोकणात मुक्काम करणार असाल तर छान, पण पाठीवर वाहायला जड आणि दवाने भिजली की वाळत नाही.

टार्प हिवाळ्यातही लागतो, पाऊस नसला तरी. पहाटेचं दव रानात झाडांवरून टपटपत राहतं, आणि शेकरू-वानरांच्या झाडाखाली झोपल्यावर वरून काय पडेल याचा नेम नसतो. हॅमॉकच्या दोन टोकांमधल्या त्या कायमच्या दोरीपेक्षा निदान दोन फूट लांब टार्प घ्या. टार्पची मधली दोरी एका झाडाला बोलाइन (न घसरणारा फास) आणि दुसऱ्याला ट्रकर्स हिच (दोरी ताणून बसवणारी गाठ), एवढ्या दोन गाठी हाताला बसल्या की पुरे. टार्पची रुंद बाजू वाऱ्याकडे करा, वाऱ्याच्या अंगाची कड जमिनीलगत खाली आणा. पट्ट्यावरून पाणी ओघळत हॅमॉकपर्यंत येतं, म्हणून टार्पच्या आत, हॅमॉकच्या थोडं अलीकडे पट्ट्याला सुतळीचा एक तुकडा लोंबता बांधा. पाणी तिथून खाली गळून जातं. एप्रिल-मेमध्ये वळवाची वीज चमकायला लागली तर एकट्या-दुकट्या उंच झाडाला लटकून राहू नका, गावात उतरा. आणि जून ते सप्टेंबर घाटमाथ्यावर मी हॅमॉक सुचवणारच नाही. तिथला पाऊस आडवा येतो, भिजलेल्या मातीत झाडं उन्मळतात, आणि कोयना-आंबोलीकडे जळवा पट्ट्यावरून चढतात. पावसाळ्यात गावातलं घर किंवा शाळेचा व्हरांडा.

डासांसाठी मच्छरदाणी हवीच, पण एवढ्याने भागत नाही. एकपदरी हॅमॉकच्या पातळ कापडातून डास खालून पाठीला चावतात. दुपदरी कापड, मधली मॅट किंवा खालची रजई असेल तर हा त्रास उरत नाही. थंडीचा उपाय केलात की डासांचाही निम्मा झाला.

जमिनीपासून वर झोपण्याचा मला सर्वात महत्त्वाचा वाटणारा फायदा साप-विंचवाचा आहे. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, दंश अनेकदा जाणवतही नाही. उघड्यावर चादर टाकून झोपणाऱ्यांना हा धोका खरा आहे. कोकणातला लाल विंचू एके काळी जीव घेत असे. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाचा उपचार रूढ केल्यावर ते मृत्यू खूप कमी झाले, पण दंश टाळणंच चांगलं. हॅमॉकमध्ये तुम्ही या सगळ्यांच्या वाटेतून बाजूला होता. बूट मात्र खालीच राहतात. ते रात्री उलटे करून पट्ट्याला अडकवा आणि सकाळी झटकूनच घाला. झाडावरचे साप नसतात असं नाही, हिरवा चापडा झुडपात बसलेला असतो. पट्टा गुंडाळण्याआधी बुंध्याभोवती बॅटरी फिरवायची सवय ठेवा. दक्षिण कोकणात आणि गोव्यात जानेवारी ते मे आणखी एक काळजी घ्या. दोडामार्ग तालुक्यात २०१६ साली माकडतापाची साथ आली, गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातही रुग्ण सापडले आहेत. हा आजार गोचिडीतून पसरतो आणि गोचीड पालापाचोळ्यात असते. हॅमॉकमध्ये झोपलात तरी सॅक पाचोळ्यात टाकून ठेवू नका, तीही टांगा. मेलेलं वानर दिसलं तर तिथे थांबायचं नाही आणि गावात आरोग्य केंद्राला कळवायचं.

चूल टार्पपासून लांब आणि वाऱ्याच्या खालच्या अंगाला. एक ठिणगी नायलॉनला भोक पाडते, आणि जानेवारीनंतर वाळलेल्या गवतात वणवा पेटायला तीही पुरते.

आता तुमचंच बोलायचं तर, तुम्ही दोघे आहात. दोघांनी दोन हॅमॉक घेतले तर चार झाडं लागतील असं नाही, तीन झाडांचा त्रिकोण पुरतो. मधलं झाड दोघांत, आणि दोघांची डोकी त्या झाडाकडे, म्हणजे रात्री गप्पा होतात. ते झाड मात्र तिघांत जाड असू द्या, नाहीतर एकाने कूस बदलली की दुसरा हलतो. एकावर एक असे दोन हॅमॉक बांधू नका. बरोबर लहान मुलं असतील, किंवा कपडे बदलायला आडोसा हवा असेल, तर टेंटच बरा. हिमालयात जाणार असाल तर वृक्षरेषेच्या वर हॅमॉक निरुपयोगी आहे.

सगळं एकदम विकत घेऊ नका. आधी टार्प घ्या, हॅमॉक नाहीच जमला तरी तो जन्मभर वापरात राहील. मग पॉलिएस्टरचे पट्टे आणि ११ फुटी दुपदरी हॅमॉक, एकच. कॅरीमॅट तुमच्याकडे आहेच. पहिली रात्र नोव्हेंबरात, गावाजवळच्या आमराईत काढा. एकजण हॅमॉकमध्ये, दुसरा टेंटमध्ये, आणि मध्यरात्री जागा बदला. दोघांपैकी ज्याची पाठ बरी राहिली त्याच्यासाठी अंडरक्विल्ट शिवून घ्या, दुसऱ्याने टेंट विकू नये.